पाने शाबूत, अनुक्रमणिका गहाळ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



लग्नाची सीडी मध्येच अडकते. नातवाच्या बारशाचा व्हिडिओ उघडतच नाही. आजोबांच्या पंचाहत्तरीचे चित्रण सुरू होते, पण जरा पुढे सरकवू म्हटले तर जागचे हलत नाही. मग घरातले कोणी जाणते माणूस निकाल देऊन टाकते, ‘फाइल करप्ट झाली, आता काही होत नाही.’ निकाल लागला की सीडी माळ्यावर जाते आणि कार्ड पुसून पुन्हा वापरात येते. आज मला या निकालाविरुद्ध अपील करायचे आहे.

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत लग्नकार्यांचे चित्रण करण्यात आणि पुढे अशा बिघडलेल्या फायली सोडवण्यात माझी वीसेक वर्षे गेली. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून लोक पत्ता विचारत येतात. कोणी हातरुमालात सीडी गुंडाळून आणतो, कोणी काडेपेटीत मेमरी कार्ड. या कामाने मला शिकवलेली पहिली गोष्ट अशी, की ‘खराब झाली’ म्हणून आणलेल्या बऱ्याच फायलींत चित्र आणि आवाज जागच्या जागी असतात. बिघडलेली असते ती त्यांची अनुक्रमणिका.

हे आपल्याच भागातल्या उदाहरणाने सांगतो. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांनी स्वहस्ते लिहिलेले वाल्मीकी रामायण जपून ठेवलेले आहे. जुनी पोथी आजच्या पुस्तकासारखी शिवलेली नसते. पाने सुटी, वर-खाली फळ्या आणि भोवती फडके. अशी एखादी पोथी हातातून निसटली आणि पाने ओटीभर विखुरली, तरी जाणकार घाबरत नाही. पानावर पत्रांक असतो. पाने गोळा करायची, अंक बघून लावायची, की पोथी पुन्हा उभी राहते. पण समजा, पानांवर अंकच घातले नाहीत, कोणते पान कितवे हे एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवले आणि नेमका तोच कागद हरवला, तर? पाने सगळी समोर असूनही पोथी वाचता येणार नाही.

व्हिडिओच्या फायलींत हे दोन्ही प्रकार आहेत, आणि या दोहोंच्या मधला एक तिसराही आहे.

पत्रांक घातलेल्या पोथीसारखी आपली जुनी व्हीसीडी. तिची रीत १९९३ मध्ये ठरली. एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटे मावत. तिच्यातले चित्र-आवाज लहान लहान गाठोड्यांत बांधलेले असतात. प्रत्येक गाठोड्याच्या तोंडाशी एक ठरलेली खूण असते आणि वेळेची नोंद असते. त्यामुळे अशी फाइल मधोमध तोडली, तरी उरलेला तुकडा बहुधा चालतो.

मधला प्रकार एव्हीआय नावाच्या फायलींचा. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत १९९२ मध्ये आणली आणि संगणकावर चित्रण उतरवून घेणाऱ्या आम्हा मंडळींनी ती पुढे वर्षानुवर्षे वापरली. तिच्यात प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक चिठ्ठी असते : हे चित्र आहे की आवाज, आणि लांबी किती. शिवाय सगळ्यांची मिळून एक यादी शेवटी जोडलेली असते. ही यादी गेली तर फाइल पहिल्यापासून चालते, पण मधल्या जागी उडी मारता येत नाही. पुढे सरकवायची पट्टी ओढली तरी ढिम्म हलत नाही.

तिसरा प्रकार आजच्या मोबाइलचा आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा, एमपी४ आणि एमओव्ही. अ‍ॅपल कंपनीने १९९१ मध्ये क्विकटाइम आणले, त्याच घराण्यातल्या या फायली. यांत चित्रे आणि आवाज एकापाठोपाठ एक ओतलेले असतात, आणि कोणते चित्र कोठे सुरू होते, किती लांबीचे आहे, ते किती वेळ दाखवायचे, हे सारे एका वेगळ्या तक्त्यात असते. सेकंदाला २५ चित्रे धरली तर तासाभराच्या चित्रणात ९० हजार चित्रे होतात. एवढ्या नोंदी कॅमेरा चित्रण चालू असताना आपल्या स्मरणात ठेवतो, आणि आपण थांबण्याचे बटण दाबले की शेवटी एकदम लिहून टाकतो. आता बटण दाबण्याआधीच बॅटरी संपली, कार्ड उपसले गेले किंवा धक्क्याने कॅमेरा बंद पडला, तर तक्ता लिहिलाच जात नाही. तासभराचे चित्रण कार्डावर असते. फाइल मात्र उघडत नाही. कधी कधी तर ती ‘शून्य बाइट’ दाखवते, कारण फाइलचा आकार किती ही नोंदही करायची राहून गेलेली असते.

खान्देशात दोन हजारच्या दशकात हा अपघात घडवून आणणारा एक हक्काचा पाहुणा होता : भारनियमन. लग्नाची टेप संगणकावर उतरवायला लावली, ४० मिनिटे झाली आणि वीज गेली. इन्व्हर्टरने दम तोडला की पडद्याबरोबर आमचाही चेहरा काळवंडायचा. वीज आल्यावर बघावे, तर फाइल मोठी दिसते, पण चालवायला घेतली की हटून बसते. अनुक्रमणिका लिहायच्या आत दिवे गेलेले असत. टेप हाताशी असे तोवर पुन्हा उतरवता येई. पुढे टेप गेली, कार्ड आले, आणि दुसऱ्यांदा उतरवून घेण्याची सोय राहिली नाही.

आता दुरुस्ती कशी होते, ते सांगतो. जादूटोणा यात काही नाही.

एव्हीआय असेल तर काम सोपे. प्रोग्रॅम पहिल्या तुकड्यापासून चालत निघतो, प्रत्येक चिठ्ठी वाचतो आणि नवी यादी तयार करतो. व्हीएलसी हा विनामूल्य प्लेअर अशा फाइलसाठी स्वतःच विचारतो, यादी बांधून देऊ का? त्याला होकार दिला तर त्या वेळेपुरते काम भागते. कायमची दुरुस्ती हवी असेल तर फाइल नव्याने बांधून घ्यावी लागते. आम्ही याला ‘डबा बदलणे’ म्हणतो. भाजी तीच, पोळी तीच, फक्त डबा नवा आणि झाकण घट्ट. एफएफएमपेग नावाच्या विनामूल्य प्रोग्रॅमने हे काही मिनिटांत होते. चित्र पुन्हा दाबून लहान केले जात नाही, त्यामुळे त्याचा दर्जाही उतरत नाही. कीर्तनाचे किंवा सभेचे थेट प्रक्षेपण कोणी उतरवून घेतलेले असते आणि ते नीट पुढे-मागे सरकत नाही, त्यावरही पुष्कळदा हाच उतारा चालतो.

पुढे-मागे न सरकण्याचे आणखी एक कारण असते. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मधल्या काळात फक्त काय बदलले तेवढे. मांडव तोच, पाठीमागचा पडदा तोच, हलतो आहे तो भटजींचा हात. तर हातापुरती नोंद. ही पूर्ण चित्रे फार लांब लांब अंतरावर असली तर मधे उडी मारताना प्लेअर अडखळतो. आणि त्यातले एक जरी बिघडले, तर पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत पडदा राखाडी होतो, चेहरे ओघळल्यासारखे दिसतात. मंगलाष्टके चालू आहेत आणि नवरदेवाच्या डोक्याजागी चौकोनांचा ढीग, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तो ढीग काही सेकंदांनी आपोआप निवळला, तर समजावे की रोग सगळ्या अंगात पसरलेला नाही.

तक्ता हरवलेल्या एमपी४ किंवा एमओव्हीचे काम मात्र चिकाटीचे. तेथे आम्ही पहिल्यांदा विचारतो, ‘तोच कॅमेरा अजून आहे का?’ लोकांना या प्रश्नाचे नवल वाटते. पण प्रत्येक कॅमेऱ्याची लिहिण्याची एक ढब असते. चित्र किती मोठे, आवाज कोणत्या जातीचा, किती चित्रांमागे किती आवाज, हे तो एका ठरावीक पद्धतीने लिहितो. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर मिनिटभराचे साधे चित्रण करून आणले, तर ते किल्लीसारखे उपयोगी पडते. अनट्रंक नावाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम याच तत्त्वावर चालतो. चांगल्या फाइलवरून तो ढब शिकतो आणि मोडक्या फाइलमध्ये एकेक चित्र ओळखत तक्ता पुन्हा लिहीत जातो.

काही वर्षांपूर्वी साक्री तालुक्यातून एक गृहस्थ आले. त्यांच्या आईने कानबाईच्या उत्सवात, रोटांच्या रात्री म्हटलेली गाणी धाकट्या भावाने लहान डिजिटल कॅमेऱ्यावर घेतली होती. गाणी रंगात आली आणि बॅटरी संपली. फाइल उघडत नव्हती, पण कोणी पुसलीही नव्हती. कार्ड तसेच देव्हाऱ्याच्या खणात राहिले. पुढच्या श्रावणाआधी आई गेली. माझ्यापुढे कार्ड ठेवून त्यांनी अहिराणीत एकच विचारले, “भाऊ, मायना आवाज शे का त्याम्हा?”

आवाज होता की नाही, हे तेव्हा मलाही सांगता येत नव्हते. कॅमेरा कोठे आहे विचारले, तर तो सुरतेला बहिणीकडे. आपल्या खान्देशचे अर्धे गणगोत सुरतेला, हे काही नवे नाही. बहिणीने गॅलरीत उभे राहून, खालच्या रस्त्याचे दोन मिनिटे चित्रण केले आणि गावाकडे येणाऱ्या एकाच्या हाती पेन ड्राइव्ह पाठवला. त्या रस्त्यावरच्या रिक्षांनी आणि भाजीच्या गाड्यांनी कॅमेऱ्याची ढब दाखवून दिली. ४३ मिनिटांच्या चित्रणातली ४१ मिनिटे हाती लागली. काही ठिकाणी चित्र फाटलेले होते, पण आवाज सलग होता. शेवटची दोन मिनिटे आली नाहीत. कार्डावर ती लिहिलीच गेली नव्हती, मग ती कोठून आणणार?

येथे या विद्येची हद्द सांगणे मला भाग आहे. जे कधी लिहिले गेले नाही, ते कोणीही परत आणू शकत नाही. आणि ज्याच्यावर दुसरे काही लिहिले गेले, तेही नाही. मेमरी कार्ड ‘फॉरमॅट’ केले तर पुष्कळदा फक्त नोंदवही कोरी होते; माल गोदामात पडून असतो. अशा वेळी फोटोरेकसारखा विनामूल्य प्रोग्रॅमही बरेच काही शोधून काढतो. पण त्याच कार्डावर पुन्हा दोन लग्ने उतरवली, तर पहिले लग्न गेलेच म्हणून समजा. आजच्या बहुतेक मोबाइलच्या आतल्या साठ्यातून पुसलेले चित्रण परत मिळणे तर फारच अवघड असते. तेव्हा ‘शंभर टक्के काढून देतो’ असे कोणी फाइल न बघताच सांगितले, तर दोन पावले मागे सरकावे.

म्हणून अपघात झाल्याबरोबर काय करायचे, ते लक्षात ठेवा. पहिले, थांबा. त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. दुसरे, कार्ड संगणकाला लावताच तो ‘दुरुस्त करू का’ असे विचारतो, तेव्हा नाही म्हणा. त्याला कार्डाची नोंदवही नीटनेटकी करायची असते. तुमच्या चित्रणाची त्याला पर्वा नसते. या झाडलोटीत अर्धवट फाइल कापली जाऊ शकते. तिसरे, जाणकाराकडून संपूर्ण कार्डाची हुबेहूब नक्कल करून घ्या आणि सगळे प्रयोग त्या नकलेवर करा. त्यानंतर हवे तर कार्ड मूळ कॅमेऱ्यात, भरलेल्या बॅटरीसह घालून बघा. काही कॅमेरे अर्धवट राहिलेले चित्रण स्वतःहून पुरे करून देतात. चौथे, तोच कॅमेरा विकू नका. फाइलचे नाव बदलून किंवा शेवटची अक्षरे बदलून मात्र काही साधत नाही. पोथीवरचे फडके बदलले म्हणून आतली पाने लागत नाहीत.

जे आज संगणकावर व्याख्याने किंवा वर्ग उतरवून घेतात, त्यांना एक सल्ला. सोय असेल तर आधी एमकेव्ही प्रकारात उतरवा आणि नंतर डबा बदला. वीज गेली तरी तोवरचे चित्रण बहुधा वाचते.

आता माळ्यावरच्या सीड्यांकडे वळू. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल, कल्पना करा. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या सीडीवरची माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरात असते आणि ऊन-उष्णता त्या थराचे वैरी आहेत. आपण चकचकीत बाजू जपतो आणि छापील बाजूवर खुशाल पेन चालवतो, पण माहितीचा थर त्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो. चकचकीत बाजूवरची बारीक ओरखड पुष्कळदा निभावून जाते. छापील बाजू खरवडली गेली की माहितीच उडते. पुसायची झाली तर मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल नको. गोल ओरखडा माहितीच्या रांगेबरोबरच धावतो आणि सलग मोठा तुकडा खातो. अडकणारी सीडी दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्येही लावून बघावी. एकाला न वाचता आलेले दुसऱ्याला वाचता येते. साधी ‘कॉपी’ पहिल्या खराब जागेशी थांबते. खराब जागा ओलांडून पुढचे घेणारे प्रोग्रॅम मिळतात, ते वापरावेत.

हे एवढ्या तपशिलाने सांगतो, कारण आपल्या भागाच्या अलीकडच्या आठवणी याच तबकड्यांवर आहेत. दोन हजारच्या दशकात अहिराणी गाणी, विनोदी प्रहसने, लग्नातला नाच, सारे व्हीसीडीवर आले आणि बाजारात, यात्रेत विकले गेले. धुळ्याहून जवळच असलेल्या मालेगावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला, तो घरगुती साधनांवर. त्या गावच्या चित्रपटवेडावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि तो जगभर पाहिला गेला. नावाजलेल्या कृतीला सांभाळणारे कोणी ना कोणी भेटते. पण अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, साक्रीच्या घराघरांतली गुलाबाईची गाणी, कानबाईची गाणी, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची अहिराणी, हे कोणत्या सरकारी दप्तरात जमा आहे? ते एका सीडीवर आहे, आणि ती सीडी तुमच्या माळ्यावर आहे.

साक्रीच्या त्या चित्रणाचे पुढे काय झाले, तेही ऐका. फाइल सुरळीत चालू लागली, पट्टी ओढली की हव्या त्या गाण्यावर जाता येऊ लागले. गृहस्थ बघत बसले. पडद्यावर पाच बायका गात होत्या. आई, काकू आणि शेजारची एक, अशा तिघी त्यांनी ओळखल्या. उरलेल्या दोघी कोण, ते त्यांना सांगता येईना. सुरतेच्या बहिणीला फोनवरून वर्णन सांगितले, तेव्हा एकीचे नाव लागले, ती आईची मावसबहीण. पाचवी बाई सर्वांत गोड गात होती. तिचे नाव मात्र कोणालाच सांगता आले नाही.

त्या दिवशी माझ्या मनात आले, की कॅमेऱ्याचा तक्ता आपण बांधून देऊ शकतो, पण माणसांचा तक्ता कोण बांधणार? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे गोळा करत. १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच शहरात उभे राहिले. जुने कागद त्यांना बोलते करता आले, याचे एक कारण असे, की लिहिणाऱ्याने पुष्कळदा कोणी, कोणाला, केव्हा लिहिले ते कागदावरच नोंदवलेले असे. पोथी नकलणाराही शेवटी शक, तिथी, गाव आणि आपले नाव घालून मगच लेखणी खाली ठेवी. आणि आपण? आपण मुलीच्या लग्नाला ‘एमओव्ही शून्य शून्य सतरा’ म्हणतो! तीस वर्षांनी ती फाइल उत्तम चालेल, आणि बघणारा विचारेल, ही माणसे कोण?

तेव्हा श्रोतेहो, येत्या दिवाळीत माळा काढाल, तेव्हा सीड्या आणि जुनी कार्डे वेगळी ठेवा. त्यातले दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. एक डिस्क घरी ठेवा, दुसरी लेकीकडे किंवा भावाकडे, दुसऱ्या गावी. मग एका संध्याकाळी घरातल्या सर्वांत वडील माणसाला पडद्यासमोर बसवा आणि शेजारी वही घेऊन बसा. कितव्या मिनिटाला कोण दिसते, नाते काय, गाव कोणते, गाणे कोणते, ते विचारून लिहून काढा. जमले तर त्यांचे हे सांगणेही मोबाइलवर उतरवून घ्या. फक्त त्याआधी बॅटरी भरलेली आहे ना, तेवढे बघा, आणि थांबण्याचे बटण दाबल्याशिवाय मोबाइल खिशात टाकू नका.